1967 ची कॉर्व्हेट (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार) अमेरिकेत लिलावात घ्यावी का? 427 इंजिन (427 घन इंचांचं, मोठं) ओरिजिनल आहे म्हणतायत

घ्या, पण गाडी आधी स्वतः किंवा जाणकार माणसाकडून तपासून घेता येणार असेल तरच. फोटोंवर बोली लावू नका प्लीज.

सगळ्यात मोठी रिस्क इंजिनची आहे. त्या वर्षीच्या व्हिन नंबरवरून (गाडीचा ओळख नंबर) गाडी कूपे (पक्क्या छताची) की कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छताची) हे कळतं, आत कुठलं इंजिन बसवलं होतं ते कळतच नाही, त्यामुळे साध्या, लहान 327 इंजिनवाल्या गाडीत नंतर 427 टाकून ओरिजिनल म्हणून विकणं सोपं जातं आणि किमतीत तर जमीन-अस्मानाचा फरक. इंजिनच्या उजव्या बाजूला पुढे, सिलिंडर हेडच्या लगेच पुढे एक छोटी सपाट जागा असते, तिथे इंजिनचे नंबर ठोकलेले असतात. टॉर्च मारून बघा, फॅक्टरीच्या मशीनच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात, पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला वाटला तर नंबर नंतर ठोकलेत असा दाट संशय घ्यायचा.

दुसरं म्हणजे गंज. बॉडी फायबरग्लासची म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण खाली चासी आणि विंडशील्डभोवतीचा सांगाडा लोखंडीच आहे, तो सडला की दुरुस्तीत भरपूर पैसा जातो आणि वरचा चकाचक पेंट बघून काही कळत नाही.

बाकी लिलावात टेस्ट ड्राइव्ह बहुतेक मिळत नाही, गाडी आहे तशी घ्यायची, आणि बोलीवर साधारण 10 टक्के प्रीमियम (लिलाववाल्यांची फी), टॅक्स, ट्रान्सपोर्ट वेगळं. हे सगळं धरून आकडा आधीच कागदावर लिहा आणि त्याच्या वर अजिबात जाऊ नका.