वाचकांचे प्रश्न : महापुराची भरपाई कोणी द्यायची?

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ऊस कुजला, जनावरे हलवावी लागली, घराची भिंत खचली. बचत गटाच्या बैठकीत एका कार्यकर्तीने सांगितले की, हवामान न्यायासाठी जगभरातील संघटनांच्या आघाड्या लढत आहेत. या आघाड्या नेमके काय करतात आणि आमच्यासारख्यांच्या पदरात त्यातून काही पडणार आहे का?
— एक वाचक भगिनी, ता. शिरोळ

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण त्याबाबत आपल्याला खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही. या लढ्यातून उभा राहिलेला पैसा नजीकच्या काळात थेट आपल्या गावापर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी आहे. तरीही हा लढा आपलाच आहे, असे माझे मत आहे.

ज्या देशांनी दीड-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून संपत्ती कमावली, त्यांनी तापलेल्या हवामानाचा भार उचलावा, ही या आघाड्यांची मूळ मागणी आहे. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात ‘सामाईक, पण भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले. मात्र झालेल्या नुकसानीचे पैसे कोण देणार, या प्रश्नाला श्रीमंत देश वर्षानुवर्षे बगल देत राहिले. समुद्र वाढल्याने होणाऱ्या हानीसाठी औद्योगिक देशांच्या पैशातून विमा निधी उभारावा, असा प्रस्ताव वानुआतू या चिमुकल्या बेटराष्ट्राने छोट्या बेटांच्या गटातर्फे १९९१ मध्येच मांडला होता. प्रत्यक्ष निधीचा निर्णय झाला तो २०२२ मध्ये, इजिप्तमधील शर्म अल-शेख येथील परिषदेत. त्या वर्षी पाकिस्तानात भीषण पूर आला होता आणि विकसनशील देशांच्या ‘जी-७७’ गटाचे अध्यक्षपदही पाकिस्तानकडेच होते. गट फुटला नाही, म्हणून विषय पटलावर आला. सभागृहाबाहेर आणि आतही तो विषय इतकी वर्षे धगधगता ठेवण्याचे श्रेय मात्र नागरी आघाड्यांना द्यावे लागेल. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्लायमेट अ‍ॅक्शन नेटवर्क’मध्ये आज १३० हून अधिक देशांतील संघटना आहेत. त्यांचे प्रतिनिधी मसुद्यातील शब्दाशब्दावर नजर ठेवतात, छोट्या देशांच्या शिष्टमंडळांना माहिती पुरवतात आणि वाटाघाटीत आडकाठी करणाऱ्या देशाला ‘फॉसिल ऑफ द डे’ हा नकोसा पुरस्कार जाहीरपणे देतात.

या निधीत आलेली रक्कम गरजेच्या मानाने नगण्य आहे, आणि सुरुवातीच्या वाटपातील किमान निम्मा वाटा छोटी बेटे व अल्पविकसित देश यांच्यासाठी राखून ठेवला आहे. भारत त्यांत बसत नाही. त्यामुळे आपल्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा वाद, म्हणजे मदत की कर्ज. श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन २००९ मध्ये कोपनहेगनला दिले. ते प्रथम पाळले गेले २०२२ मध्ये, आणि त्यातही सरकारी पैशाचा मोठा हिस्सा कर्जाच्या रूपातच होता. कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणाचा प्रकल्पही जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहत आहे. म्हणजे ज्यांचा ऊस बुडाला, त्यांच्याच करातून ते फिटणार. हे अन्यायाचे आहे, असे आघाड्या म्हणतात, आणि मला ते पटते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या महापुराला अतिवृष्टीप्रमाणेच निळ्या पूररेषेतील, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यातील, बांधकामे, नदीपात्रातील भराव आणि धरणांच्या विसर्गातील समन्वयाचा अभावही कारणीभूत ठरतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचगंगा दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेली, याचे सगळे खापर अमेरिका-युरोपवर फोडले, तर येथील चुका झाकल्या जातील. शिवाय न्यायाचा प्रश्न गावाच्या आतही आहेच. पंचनाम्यात सातबाराधारकाचा ऊस मोजला जातो, पण दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी कोठेच नोंदली जात नाही. आपल्या बचत गटाने एका वहीत घरटी बुडालेली मजुरी, विकावी लागलेली जनावरे, मुलांची बुडालेली शाळा आणि त्या काळात काढलेले कर्ज तारखांसह लिहून ठेवावे आणि ती वही ग्रामसभेपुढे मांडावी. हानीच्या आंतरराष्ट्रीय चर्चेत पैशात न मोजता येणारे नुकसानही धरले जाते. त्याचा पुरावा अशा नोंदींतूनच उभा राहतो.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. विद्यार्थ्यांच्या मोहिमेमुळे हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, हे खरे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होय. २०१९ मध्ये वानुआतूतील ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक’च्या २७ विधी विद्यार्थ्यांनी ही मोहीम सुरू केली. वानुआतू सरकारने ती उचलून धरली, जगभरच्या आघाड्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे मत मागवले. २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील न्यायालयाने सांगितले की, हवामानाचे रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत सल्लागारी स्वरूपाचे आहे, बंधनकारक नाही. परंतु जगभरच्या न्यायालयांत त्याचा आधार घेता येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये असल्याचे मान्य केले आहे. ही दोन्ही मते मुळातून वाचावीत. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आता कोल्हापुरातच बसते, तेव्हा पूररेषेच्या एखाद्या याचिकेत त्यांचा आधार घेण्याची संधी आपल्याला शिकत असतानाच मिळू शकेल.