अफॉर्डन्सला 'परवडणूक' म्हणायचं का?

प्रश्न असा आहे की एका मराठी लेखात अफॉर्डन्ससाठी, म्हणजे एखाद्या वस्तूचं आपल्याला काय करता येतं यासाठी, 'परवडणूक' वापरलंय, ते बरोबर आहे का आणि नसेल तर काय लिहायचं, आणि युजर एक्सपीरियन्सला काय म्हणायचं.

'परवडणूक' नको. ते पैशांच्या परवडण्यावरून आलंय आणि इथे पैशांचा संबंधच नाही. इंग्रजी अफॉर्डचा 'देणे, मिळू देणे' असाही एक अर्थ आहे, त्यावरून जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे नाम स्वतः बनवलं आणि १९७९ च्या पुस्तकात सविस्तर मांडलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर सपाट, टणक काही असलं की माणसाला त्यावर बसता येतं, मग ती खुर्ची असो नाहीतर कट्टा, एवढं साधं आहे ते.

आता हेच आपण रोज कसं बोलतो? 'तिथे बसायची सोय आहे का?' माझ्या मते शब्द हाच, सोय. आणि सोय म्हटलं की कशाची आणि कुणाची हे लगेच विचारावं लागतं, गिब्सनचाही नेमका तोच मुद्दा होता, की ही गोष्ट नुसत्या वस्तूत नसते, वस्तू आणि वापरणारा दोघांत मिळून असते. लोकलमधल्या वरच्या कड्या घ्या, मला ती धरायची सोय, पण माझ्या सात वर्षांच्या भाचीचा हात तिथे पोचतच नाही, ती दाराजवळचा उभा दांडा धरते कारण तो कुठल्याही उंचीवर धरता येतो.

डॉन नॉर्मन या अमेरिकन डिझाइन-अभ्यासकाने १९८८ च्या आपल्या पुस्तकातून हा शब्द डिझाइनमध्ये आणला आणि मग लोक बटण उठून दिसण्यालाही अफॉर्डन्सच म्हणायला लागले, म्हणून त्याच पुस्तकाच्या २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्याने सिग्निफायर, म्हणजे कुठे काय करायचं ते दाखवणारी गोष्ट, वेगळा काढला. त्याला मी 'खूण' म्हणते. फोनच्या काचेवर बोट कुठेही लावता येतं, पण कुठे लावलं की काम होईल हे खूणच सांगते.

गेल्या महिन्यात मुलुंडला आई फोनवर विजेचं बिल भरत होती. रकमेभोवती जाड निळी चौकट, कोपरे गोल, आणि खाली 'पुढे जा' मात्र फिकट करड्या अक्षरांत, ना चौकट ना रंग. आई त्या रकमेवरच चार वेळा दाबत राहिली आणि मला म्हणाली, 'अगं हे दबतच नाहीये.' दाबायची सोय होती, खूण भलत्याच जागी होती, आणि दोन्हीला एकच शब्द असेल तर नेमकं काय बिघडलंय हे स्क्रीन बनवणाऱ्याला सांगणार कसं?

युजर एक्सपीरियन्सचंही विचारलंय, तर 'वापरकर्त्याचा अनुभव' लिहा, बोलताना सगळे युएक्सच म्हणतात, म्हणू देत.

सोयचा 'सुविधा' असाही अर्थ होतो हे खरंय, त्यामुळे नुसता शब्द टाकू नका, क्रियापद जोडा, दाबायची सोय, सरकवायची सोय, मग घोळ होत नाही. त्या लेखातलं वाक्य 'या बटणाची परवडणूक कमी आहे' असं आहे म्हणता ना, तिथे 'हे दाबायचं आहे याची खूणच दिसत नाही' असं लिहून बघा.