तुमचं दुखणं, आमचं उत्तर : सायकलवरून पडल्यावर

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी गोडोलीत राहतो, वय ४४, शाळेत शिक्षक आहे. कासला सायकलवर गेलो होतो, उतरताना यवतेश्वर घाटात वळणावर बारीक खडी होती, चाक घसरलं आणि डाव्या खांद्यावर पडलो. कॉलर बोन मधोमध मोडलंय. ऑपरेशन नको, झोळीत ठेवा म्हणाले. आता पाच आठवडे झाले, दुखणं कमी आहे पण हात खांद्याच्या वर जातच नाही आणि हाडावर टेंगूळ आलंय. आण्णा रोज म्हणतात की हाडवैदाकडं जाऊन चोळून घे, मोकळा होईल. जाऊ का? आणि सायकल परत कधी? ग्रुपमधले सगळे दिवाळीत कासला जायचं म्हणतायत, आणि खरं सांगायचं तर मला त्या उताराची भीतीच बसलीय.

उत्तर : दादा, आधी चोळायचं बघू, कारण तेच सगळ्यात घाईचं आहे. मोडलेल्या जागेवर अजिबात चोळून घेऊ नका. पाच आठवड्यांत हाड धरायला लागलेलं असतं पण ते अजून कच्चं असतं, जोर लावला तर सरकू शकतं, आणि कॉलर बोनच्या बरोबर खालून हाताकडं जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. आण्णांची काळजी मला समजते, त्यांच्या पिढीनं हाडवैदाकडं बरे झालेले लोक बघितलेत, पण त्यांना सांगा की हळदीचं दूध द्या, चोळणं नको. मानेला आणि मागं पाठीच्या फऱ्याला हलक्या हातानं तेल लावलं तर चालतंय, तिथले स्नायू झोळीमुळं आखडलेले असतातच.

टेंगूळ म्हणजे हाड जोडताना शरीरानं केलेला भराव. पुढं तो थोडा कमी होतो, मोठ्या माणसात पूर्ण जातोच असं नाही, त्यानं काही बिघडत नाही. मात्र तिथली कातडी ताणून पांढरी दिसायला लागली, हाताला मुंग्या येतायत, किंवा हाड हलल्यासारखं कट्कट वाजतंय, असं काही असलं तर लगेच हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता हात वर जात नाही त्याचं. बरेच जण झोळी घातली की कोपर, मनगट, बोटं सगळंच बंद करून बसतात आणि मग हाड जुळतं पण खांदा धरून बसतो. तुम्ही डॉक्टरांना विचारून (पुढचा एक्सरे आता काढायचाच असेल, तेव्हाच विचारा) लोंबत्या हाताचा व्यायाम चालू करा. उजवा हात टेबलावर टेकून कमरेत वाका, डावा हात सैल सोडा आणि अंग हलवून त्याला लहान लहान गोल फिरू द्या, घड्याळाच्या लंबकासारखं. हातानं जोर लावायचा नाही, तो फक्त लोंबू द्यायचा. एक्सरेत हाड धरलेलं दिसलं की मग आडवं झोपून दोन्ही हातात काठी धरून उजव्या हाताच्या मदतीनं डावा वर न्यायचा, त्यानंतर भिंतीवर बोटं चढवत न्यायची. व्यायाम करताना थोडं ओढल्यासारखं झालं तर हरकत नाही, रात्री झोप मोडण्याइतकं दुखलं तर जास्त झालं समजा आणि दुसऱ्या दिवशी कमी करा. वजन उचलणं, दप्तराची पिशवी त्या खांद्याला अडकवणं इतक्यात नको.

तंबाखू, सिगरेट असेल तर बंद करा. मी हे उपदेश म्हणून सांगत नाही, निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, कधी कधी जुळतच नाही. खाण्यात दूध, अंडी, डाळी, उसळी ठेवा, नाचणीची भाकरी उत्तम, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

मोठ्या माणसाचं कॉलर बोन साधारण ६ ते १२ आठवड्यांत जुळतं. सायकल घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) लावून, हँडलवर भार न देता ताठ बसून पाय मारायला डॉक्टर आत्ताही परवानगी देतील बहुतेक. रस्त्यावर मात्र हाड दाबल्यावर दुखत नाही, हात पूर्ण वर जातो आणि भिंतीला दोन्ही हात टेकून जोर काढता येतो, एवढं झाल्यावरच, म्हणजे तीन महिने धरून चाला. दिवाळीचं कास त्यात बसत नसेल तर ग्रुपला सरळ सांगा की मी गाडीतून येतो, कारण उतारावर सगळं वजन हातांवर येतं आणि ब्रेक धरून धरून खांदा थकतो, तिथं परत पडलात तर नवीन जुळलेलं हाड परत मोडायला वेळ लागत नाही. भीतीचं म्हणाल तर ती बसणारच. आधी सकाळी लवकर क्षेत्र माहुलीपर्यंत सपाटीला जाऊन या, मग यवतेश्वर फक्त चढा आणि उतरताना मित्राच्या गाडीत सायकल टाका. नंतर उतरायची वेळ येईल तेव्हा वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. आणि पडलात तेव्हा डोक्यावरचं हेल्मेट आपटलं असेल तर नवीन घ्या, वरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोल एकदा दबला की परत झेलत नाही.

प्रश्न : मी सांगलीची, कॉलेजला आहे. हरिपूर रोडला सायकलवरून पडले, हातावर भार आला. एक्सरे नॉर्मल होता, मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज दिलं. तीन आठवडे झाले तरी अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय, हात टेकून उठता येत नाही. अजून थांबू का?

उत्तर : थांबू नकोस गं. अंगठा वर ताणलास की मनगटाशी एक खळगा पडतो, तिथं दाबून बघ. दुखलं तर स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला तडा असू शकतो, आणि हा तडा पहिल्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणूनच १०-१४ दिवसांनी परत एक्सरे काढतात, तरी शंका राहिली तर एमआरआय. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मागं येतं, त्यामुळं मधे तडा गेला की मागच्या तुकड्याला रक्त कमी पडतं, हाड जुळत नाही आणि पुढं मनगट कायमचं दुखतं. या आठवड्यातच सांगली-मिरजेतल्या हाडाच्या डॉक्टरांना दाखव, जुना एक्सरे बरोबर ने आणि स्कॅफॉइडची शंका आहे असं स्वतःहून सांग. तोवर अंगठ्यासकट मनगटाचा पट्टा बांधून ठेव, मालिश नको, गाडीचा क्लचही नको.