तीन वर्षं मुलीला सांभाळणाऱ्या मावशींना आता काम थांबवायचंय हे न दुखावता कसं सांगू?

मुलगी जूनपासून शाळेत आणि तिथून पाळणाघरात जाणार, म्हणून मावशींना थांबवायचं, असं तुमचं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच झालं. आम्ही इंदिरानगरला, मावशी पंचवटीहून यायच्या.

माझं चुकलं ते आधी सांगते. शाळेचा प्रवेश जानेवारीत झाला आणि मी तोंड उघडलं मे महिन्यात, तेही मावशी चपला घालत असताना. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. मग परत आत आल्या, पदराच्या पिनेला अडकवलेली आमची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. "अहो, अजून महिना आहे," म्हटलं तर म्हणाल्या, "दप्तर आणलंत तेव्हाच कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते." इतकी लाज वाटली!

तेव्हा निदान दोन महिने आधी सांगा. मुलगी झोपलेली असताना, नवरा-बायको दोघांनी बसून, मावशींनाही खुर्चीवर बसवून. कारण खरं तेच द्या. "आम्ही पुण्याला चाललोय" वगैरे नको. समोरच्या बिल्डिंगमधल्या पोळ्यांच्या ताई बहुधा मावशींच्याच गल्लीत राहत असतात.

पैशांचं म्हणाल तर कंपनीत ग्रॅच्युइटी वर्षाला 15 दिवसांचा पगार अशी धरतात. घरकामाला ती मिळत नाही, पण आम्ही माप तेच लावलं: तीन वर्षांचा दीड महिन्याचा पगार, चालू महिन्याचा वेगळा. उचल असेल तर त्यातून कापू नका. साडी जरूर द्या, पण हिशोबात धरू नका. आणि जुने कपडे त्या दिवशी तरी नकोत.

घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. मावशींची नोंदणी राहिली असेल तर त्या तुमच्याकडे आहेत तोवरच कामाचा दाखला लिहून द्या आणि कामगार कार्यालयात सोबत जा. नवीन घर शोधायलाही सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच टाका. तान्ह्या बाळासाठी खात्रीची बाई हवी असलेलं कोणीतरी असतंच.

शेवटच्या दिवशी मुलीला झोपवून मावशींना गुपचूप पाठवू नका. रडतील दोघी, रडू द्या.

पुढे वाढदिवसाला बोलवाल तर पाहुणी म्हणून बोलवा. आम्ही बोलावलं आणि अर्ध्या तासात मावशी आत पुऱ्या लाटत होत्या. मी पण थांबवलं नाही, पाहुणे वाढले होते.