उन्हाळी शिबिर की पुराच्या नोंदींची वही?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत असून बारावीनंतर अमेरिकेत जाऊन पर्यावरणशास्त्र शिकण्याची तिची इच्छा आहे. तिथल्या एका नामांकित विद्यापीठाच्या आवारात दोन आठवड्यांचे उन्हाळी शिबिर भरते. ते केल्यास प्रवेश सोपा होतो, असे आम्हाला सांगण्यात आले, परंतु खर्च काही लाखांचा आहे. मुलगी मात्र सुट्टीत वही घेऊन शुक्रवार पेठेत घरोघरी फिरते आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात कुठे किती पाणी चढले होते, ते लिहून आणते. कर्ज काढून तिला शिबिराला पाठवावे का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : कर्ज काढू नका. पैसे भरणाऱ्या बहुतेकांना प्रवेश देणारी अशी शिबिरे पुष्कळदा बाहेरच्या संस्था विद्यापीठाची जागा भाड्याने घेऊन चालवतात, आणि प्रवेश समितीला त्यावरून कुटुंबाच्या ऐपतीपलीकडे फारसे काही कळत नाही. तिथे सर्वांत आधी पाहिले जातात ते नववीपासून बारावीपर्यंतचे गुण. उपक्रमांचा विचार त्यानंतर होतो. अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जात जास्तीत जास्त दहा उपक्रम नोंदवता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला अवघी १५० अक्षरे मिळतात. शिबिराचे नाव सोडले, तर एवढ्या जागेतही मुलीने स्वतः काय केले, हे सांगायला काय उरणार? (नोकरी आणि घरची जबाबदारी हेही त्या अर्जात उपक्रमच मानले जातात, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.)

आपल्या मुलीची वही मला फार मोलाची वाटते, कारण ते काम तिला कोणी नेमून दिलेले नाही. ते आता नेटके व्हावे. भिंतीवरच्या खुणेची उंची टेपने मोजावी, ती खूण कोणत्या वर्षीची हे घरातल्या दोघांना वेगवेगळे विचारावे आणि त्या दिवशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर होते, ते शेजारी लिहावे. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. ती ओलांडल्यावर कोणत्या गल्लीत आधी पाणी शिरते, हे तिच्या नकाशावर दिसू लागले, तर तो खरा अभ्यास ठरेल आणि पुढच्या पावसाळ्यात पेठेतल्या लोकांच्याही उपयोगी पडेल. भूगोलाच्या शिक्षकांना ती वही आताच दाखवावी, म्हणजे पुढे शिफारसपत्र लिहिताना त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही असेल.

एक सावधगिरी मात्र हवी. इथल्या अभियांत्रिकीचा पर्याय हाताशी ठेवणार असाल, तर एमएचटी-सीईटीच्या गुणवत्ता यादीत अशा कामाला गुण नाहीत; त्यामुळे सकाळचे दोन तास पेठेत आणि उरलेला दिवस अभ्यासाला, अशी वाटणी करावी. अमेरिकेचे लवकरचे (नेहमीच्या मुदतीआधी करायचे) अर्ज बहुधा १ नोव्हेंबरपर्यंत द्यावे लागतात, तेव्हा नकाशा गणपतीपूर्वी पुरा झालेला बरा.