वाचकांचे प्रश्न : इंजिनामागचा व्हॅक्यूम पंप

प्रश्न : कसारा घाट उतरताना आमच्या डिझेल व्हॅनचे ब्रेक पेडल फार कडक लागते आणि इंजिनाच्या मागून ऑइल झिरपते. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागे अडकलेला व्हॅक्यूम पंप बदलण्यासाठी इंजिन उतरवावे लागेल, असे गॅरेजमध्ये सांगितले. हे खरे आहे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : पंप बदलेपर्यंत कृपया घाटात गाडी नेऊ नका. पंपाच्या व्हॅक्यूमवर चालून पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरची मदत थांबली तरी ब्रेक लागतो, परंतु त्यासाठी पायाला कितीतरी अधिक जोर लावावा लागतो आणि भरलेली गाडी उतारावर तेवढी सवड देत नाही.

खर्च करण्यापूर्वी दोष पंपाचाच आहे याची खात्री करा. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले नाही, तर बूस्टरचा पाइप सोडवून पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज लावून पाहा. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाबच कमी असतो, त्यामुळे चांगला पंपही मुंबईपेक्षा पाऱ्याच्या मापात सुमारे 50 मिलिमीटर कमी दाखवेल. पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम पुरेसा असेल, तर दोष पाइपात, नॉन-रिटर्न (एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या) व्हॉल्व्हमध्ये किंवा बूस्टरमध्ये शोधावा. ऑइलची गळती मात्र बहुधा पंपाच्या सीलमधून होत असावी.

इंजिन उतरवण्याची गरज सहसा पडत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून वायपरखालचे प्लॅस्टिकचे आवरण, एअर फिल्टरचा डबा आणि त्याचा पाइप काढला, की बहुतेक गाड्यांत लांब एक्स्टेन्शन लावलेला पाना बोल्टपर्यंत पोहोचतो. खाली कापड अंथरा, कारण निसटलेला बोल्ट शोधण्यात फार वेळ जातो.

खरी काळजी बसवताना घ्यावी लागते. पंप कॅमशाफ्टच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) खाचेत बसणाऱ्या कपलिंगवर फिरतो. ते खाचेशी जुळवून पंप हाताने हेडला पूर्ण टेकला पाहिजे, आणि टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह टाळावा, कारण त्यात कपलिंग किंवा पंपाचे कान तुटतात. जुनी सील पुन्हा वापरू नये. पंपात थोडे स्वच्छ इंजिन ऑइल सोडावे, म्हणजे पहिल्या फेऱ्या कोरड्या होणार नाहीत. बोल्ट आलटून-पालटून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत आणि इंजिन गरम झाल्यावर जोडाखाली ओल दिसते का, ते विजेरीच्या उजेडात तपासावे.