चौकातलं जुनं सबस्टेशन: पाडायचं की वापरायचं?

प्रश्न: आमच्या एरियाच्या अगदी मधोमध वीज कंपनीचं जुनं सबस्टेशन आहे. विटांची उंच बिल्डिंग, कमानीच्या खिडक्या. आतली मशिनरी कधीच काढून नेलीय, वर्षानुवर्षं कुलूप आहे, मागच्या भिंतीतून झाड उगवलंय. आता ती स्थानिक संस्थेकडे आलीय. कोण म्हणतं पाडून पार्किंग करा, कोण म्हणतं लायब्ररी करा, एक बिल्डर म्हणतो आत चार मजले टाकून फ्लॅट काढतो. नक्की काय करावं?

उत्तर: लायब्ररी की फ्लॅट हे भांडण जरा बाजूला ठेवा आणि आधी छप्पर बघा. गंमत नाही करत. अशा बिल्डिंगी जुन्या झाल्या म्हणून पडत नाहीत, वरून पाणी आत यायला लागलं की पडतात, आणि मीटिंगा चालू असताना पाऊस काही थांबत नाही.

लंडनचं बॅटरसी पॉवर स्टेशन १९८३ मध्ये बंद पडलं. तिथे थीम पार्क करायचं ठरलं, त्यासाठी छप्पर काढलं, आणि मग पैसेच संपले. ते अवाढव्य धूड वर्षानुवर्षं उघड्यावर भिजत राहिलं, एकामागून एक प्लॅन आले आणि बुडाले, चिमण्या इतक्या खराब झाल्या की पाडून पुन्हा बांधाव्या लागल्या, आणि लोकांसाठी ते उघडलं २०२२ मध्ये. त्याच शहरातलं बँकसाइड पॉवर स्टेशन १९८१ मध्ये बंद झालं आणि २००० साली तिथे टेट मॉडर्न म्युझियम सुरू झालं. तिथल्या आर्किटेक्ट लोकांनी एक गोष्ट लय भारी केली, टर्बाइन हॉल भरलाच नाही! १५५ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच जागा मोकळी ठेवली आणि लोक येतात ते आधी तीच बघायला.

तुमची बिल्डिंग त्याच्यापुढे चिमुकली असणार, पण मुद्दा तोच. एकदा आत जाऊन उभे राहा. दोन्ही भिंतींवर वर क्रेनचे रूळ असतील, जमिनीत केबलचे चर, त्यावर लोखंडी प्लेटा, फरशी अशी जाड की ट्रान्सफॉर्मरचं वजन पेललेलं. ही उंची आणि ही फरशी आज नव्याने बांधायला गेलात तर बजेट बघून कुणीही हात वर करेल. बिल्डर त्यात चार मजले टाकणार म्हणजे जे फुकट मिळालंय तेच आधी मारणार, शिवाय कमानीच्या खिडक्या मधोमध कापल्या जातील आणि खोल्यांमध्ये उजेड येणार नाही ते वेगळंच. फ्लॅट होऊच शकत नाहीत असं नाही हां. व्हिएन्नात १८९६ ते १८९९ मध्ये बांधलेल्या गॅसच्या चार टाक्यांमध्ये २००१ पासून लोक राहतायत, पण तिथे बाहेरच्या भिंती ठेवून आत नवीन बांधकाम केलंय आणि उजेडासाठी मधे चौक सोडलाय. एका चौकोनी हॉलमध्ये ते कुठून जमणार?

मग पहिल्या वर्षी काय? पन्हळी, पाइप साफ, छप्पर वॉटरप्रूफ, स्ट्रक्चरल ऑडिट. झाड ओढून काढू नका, मुळांबरोबर विटा येतात, कापून मूळ जागेवरच मारायचं. आणि सांधे सिमेंटने भरू नका. जुन्या विटा मऊ, चुन्यात बसवलेल्या, त्यात सिमेंट भरलं की ओल बाहेर पडायला जागा राहत नाही आणि विटांचे पापुद्रे सुटायला लागतात. कॉन्ट्रॅक्टर नेमका हाच स्वस्त उपाय सुचवेल, लिहून ठेवा.

कायमचा वापर लगेच सुचत नसेल तर तात्पुरता सुरू करा, शनिवार-रविवारचा बाजार, नाटकाच्या तालमी, काहीही, फक्त फायर एक्झिट आणि वायरिंग आधी. रोममध्ये १९९७ साली एका बंद वीजकेंद्रात जुने पुतळे तात्पुरते ठेवले होते, मूळ म्युझियमची दुरुस्ती चालू होती म्हणून. इंजिनांच्या बाजूला संगमरवरी देवता! लोकांना इतकं आवडलं की ते नंतर कायमचंच म्युझियम झालं.

प्रश्न: अशा जागेत विषारी केमिकल असतात म्हणे. मग पाडलेलंच बरं ना?

उत्तर: असू शकतात, खरंय. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी केमिकल असायचं, त्याच्यावर २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर बंदी आणलीय. शिवाय पाइपांभोवती अ‍ॅस्बेस्टॉस, रंगात शिसं. पण तपासणी न करता पाडलंत तर तीच धूळ अख्ख्या एरियात उडणार, आणि मातीत मुरलेलं तेल बिल्डिंग गेली तरी तिथेच राहणार. म्हणजे टेस्टिंग आणि सफाईचा खर्च दोन्हीकडे आहेच, पाडून तो वाचत नाही. तेलाचे डाग जिथे दिसतात तिथल्या फरशीचे आणि खालच्या मातीचे नमुने आधी घ्यायला सांगा.

प्रश्न: संस्थेकडे पैसे नाहीत. सरळ विकून टाकलं तर?

उत्तर: विकू नका, लाँग लीजवर द्या. अ‍ॅग्रीमेंटमध्ये छपराची दुरुस्ती पहिल्या टप्प्यात आणि तारखेसकट टाका, बाहेरच्या भिंती आणि मुख्य हॉलला हात लावायचा नाही हे टाका, आणि ठरलेल्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर जागा परत, हेही. आणि सही करायच्या आधी वीज कंपनीला लेखी विचारा की आवारातून अजून चालू केबल जातात का. जात असतील तर त्यांच्या माणसांना खोदायला रस्ता कायम मोकळा ठेवावा लागेल, आणि पार्किंगवाल्यांचा अर्धा प्लॅन तिथेच उडेल.